वाचा हरपलेली वेदना : स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे दुखणे ओळखताना

एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत दीर्घकाळ अध्यापन करून निवृत्त झालेले एक गुरुजी काही वर्षे स्मृतिभ्रंशाने आजारी होते. प्रथम माणसांची नावे गेली, मग ओळखीच्या वाटा चुकू लागल्या, पुढे नातवंडांचे चेहरेही परके झाले. घरच्या मंडळींनी हे सारे समजुतीने सोसले. परंतु एका पावसाळ्यात गुरुजींच्या वागण्यात एकाएकी फरक पडला. जेवणाचे ताट समोर येताच ते लोटून देऊ लागले. रात्र रात्र घरात येरझारा घालू लागले. सून तोंड पुसावयास गेली की हात झटकीत. एकदा तर त्यांनी तिच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला. "आप्पांचा म्हातारचळ आता वाढला," असे घराने मानले व शेजाऱ्यांनी त्यास दुजोरा दिला. कोणी तरी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गुरुजी दिवसभर गुंगीत राहू लागले, जेवण आणखी तुटले आणि तोल जाऊन ते दोनदा पडले.

या कोड्याचा उलगडा दर आठवड्याला घरी येऊन गुरुजींची दाढी करणाऱ्या गावच्या नाभिकाने केला. "गुरुजी उजव्या गालाला वस्तरा लावू देतात, डाव्या गालाला हात लागला की मान काढून घेतात. त्यांची दाढ बघा एकदा," असे त्यांनी सुनेला सांगितले. ग्रामीण रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा डाव्या बाजूच्या खालच्या दाढेचे मूळ किडलेले व हिरडीखाली पू साचलेला आढळला. दाढेचे मूळ काढून टाकल्यावर चार-पाच दिवसांत गुरुजी प्रथम पेज व मग मऊ भात खाऊ लागले. येरझारा थांबल्या. स्मृती परत आली नाही. ती येणारही नव्हती. परंतु सुनेने तोंड पुसले तर आता ते निमूटपणे पुसू देत.

ज्याला शब्द सापडत नाहीत त्याचे दुखणे त्याच्या वागण्यातून बोलते आणि ते वाचावयास न शिकल्यास आपण दुखण्यालाच वेड समजून बसतो. या हकीकतीत अपवादात्मक असे काही असेल तर ते एवढेच की, कोणाचे तरी लक्ष योग्य ठिकाणी गेले.

म्हातारपण नव्हे, आजार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्धाच्या विस्मरणाकडे आजार म्हणून पाहण्याची सवय समाजाला उशिरा लागली. वस्तुतः स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, ही मेंदूच्या व्याधींमुळे उद्भवणारी अवस्था आहे. त्यांपैकी सर्वांत अधिक आढळणाऱ्या व्याधीचे वर्णन आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यकाने १९०६ साली प्रथम केले व तिला पुढे त्यांचेच नाव मिळाले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांतील बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंशही मोठ्या प्रमाणावर आढळतो. भारतातील वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारित, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष व्यक्ती या अवस्थेत आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक दिसून आले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचा वाटा देशाच्या सरासरीहून अधिक होता, हे ध्यानात घेता हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता नाही, हे उघड आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटाने विस्मरणाची ही व्यथा मराठी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविली. विस्मरणाविषयी आता थोडेफार बोलले जाते. अशा रुग्णाच्या शारीरिक वेदनेविषयी मात्र फारच थोडे.

'त्यांना आता कुठे काय कळते?'

हे वाक्य कित्येक घरांत ऐकू येते, आणि ते दुष्टपणाने नव्हे तर काहीशा समाधानाने उच्चारले जाते. स्मृती गेली म्हणजे यातनाही गेल्या असाव्यात, अशी त्यामागील भाबडी आशा असते. शास्त्रीय संशोधनाचा कौल मात्र उलट आहे. २००६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या व त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या अंगठ्यावर मोजून दाब दिला आणि त्या वेळी मेंदूत होणाऱ्या हालचालींच्या प्रतिमा घेतल्या. वेदनेशी निगडित भागांची क्रिया रुग्णांमध्ये मंदावलेली नव्हती. उलट ती अधिक तीव्र व अधिक काळ टिकणारी आढळली. ठणका मेंदूपर्यंत पोहोचतो. तुटतो तो त्यापुढील दुवा : हे दुखणे आहे, ते अमुक ठिकाणी आहे, ते अमक्याला सांगितले म्हणजे उपाय होईल, ही साखळी.

त्याच वर्षी इटलीतील संशोधकांनी आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. औषध घेतले आहे, आता बरे वाटेल, या अपेक्षेनेच निरोगी माणसाचे दुखणे काही अंशी हलके होते. अल्झायमरच्या ज्या रुग्णांत ही अपेक्षा बाळगण्याची शक्ती ओसरलेली असते त्यांना हा लाभ मिळत नाही व तेवढ्या प्रमाणात औषधाचा गुण कमी पडतो. म्हणजे अशा रुग्णाला धीराचा आधारही पुरेसा उरलेला नसतो.

आणि तरीही उपचार कमी मिळतात ते त्यालाच. खुब्याचे हाड मोडून न्यूयॉर्क येथील रुग्णालयांत दाखल झालेल्या वृद्धांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हाड तेच, शस्त्रक्रिया तीच. परंतु प्रगत स्मृतिभ्रंश असलेल्यांना मिळालेली तीव्र वेदनाशामकाची मात्रा इतरांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश होती. त्यांनी मागितले नाही म्हणून त्यांना दिले गेले नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ सालची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तेव्हा शब्दांत सांगणे हा वेदना प्रकट करण्याच्या अनेक मार्गांपैकी केवळ एक असून बोलता न येण्यावरून वेदना नाही असे ठरविता येणार नाही, हे तिने स्पष्टपणे नमूद केले.

विचारण्याची रीत

बोलता येत असेल तोवर प्रथम विचारावे. सौम्य व मध्यम अवस्थेतील पुष्कळसे रुग्ण साध्या प्रश्नाचे उत्तर विश्वसनीय रीतीने देऊ शकतात. आपण मात्र ते सांगू शकणार नाहीत असे गृहीत धरून परस्पर मुलाला किंवा सुनेला विचारतो. प्रश्न आत्ताचा असावा. "काल रात्री किती दुखत होते?" याला उत्तर मिळणार नाही, "आत्ता इथे दुखते का?" याला मिळेल. समोर बसून, नजरेला नजर देऊन, दुखऱ्या भागाजवळ हात नेऊन विचारावे. चष्मा व श्रवणयंत्र असल्यास ते आधी लावावे. मग थांबावे. आपल्याला दीर्घ वाटणारी ती शांतता रुग्णाला शब्द शोधण्यासाठी हवी असते.

शब्दांची निवडही महत्त्वाची आहे. 'वेदना' हा शब्द पुस्तकातील. घरात तो कोणी वापरीत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला किती तरी नावे आहेत : कळ, ठणका, चमक, उसण, आग, रग, पोटातला मुरडा, सांध्यांतली ओढ, डोळ्यांतली खुपणी. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा उशिरा शिकलेली भाषा आधी मागे पडते व बालपणीची बोली अधिक काळ टिकते. शहरात चाळीस वर्षे काढलेल्या आजीला "पेन होतंय का?" असे विचारून ती गप्प राहिली, तर "लई ठणकतंया का गं?" असे तिच्या माहेरच्या बोलीत विचारून पाहावे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, जी असेल ती. यासाठी घरात एखादी वयस्क बहीण किंवा भावजय असल्यास तिची मदत फार मोलाची ठरते. प्रश्न एकदाच विचारून थांबू नये; वेगवेगळ्या वेळी, विशेषतः हालचाल करताना, तो पुन्हा विचारावा.

पाहण्याची रीत

वाचा पूर्णपणे गेल्यावर पाहणे एवढेच हाती उरते. यासाठी निरनिराळ्या देशांत निरीक्षणाची साधने तयार झाली आहेत. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेले 'पेनॅड' हे त्यांपैकी सुटसुटीत आहे. त्यात पाच बाबी पाहावयाच्या असतात : श्वास, तोंडातून निघणारा आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि समजूत घातल्यावर रुग्ण शांत होतो की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन असे गुण द्यावयाचे. एकूण गुण शून्य ते दहा.

ही साधने परिचारिकांसाठी असली तरी त्यांतील मर्म कोणत्याही घरास समजण्यासारखे आहे. श्वास अधूनमधून जड होतो, की धाप लागल्यासारखा सतत वेगाने चालतो? कण्हणे, विव्हळणे, एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडणे आहे काय? कित्येक वृद्ध अशा वेळी "आई, आई" असा धावा करतात. तो पूर्वस्मृतीचा उमाळा असेल, पण दुखण्याची हाकही असू शकेल. कपाळाला आठ्या, मिटून घट्ट आवळलेले डोळे, दातांवर दात, ओढलेले ओठ या खुणा चेहऱ्यावर दिसतात. शरीर ताठरते, मुठी वळतात, गुडघे पोटाशी घेतले जातात, एखादा भाग हाताने जपला जातो, स्पर्श करू पाहणाऱ्यास ढकलले जाते. पाठीवरून हात फिरविल्याने, ओळखीच्या आवाजाने रुग्ण निवळत असेल तर ठीक. कशानेच निवळत नसेल तर त्यामागे शरीराचे कारण असण्याची शंका अधिक बळकट होते.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगावयास हव्यात. पहिली अशी की, निजलेल्या किंवा स्वस्थ बसलेल्या रुग्णाकडे पाहून निर्णय घेऊ नये. उठविताना, कूस बदलताना, आंघोळ घालताना, लुगडे किंवा सदरा बदलताना जे दिसते ते खरे. आंघोळीच्या वेळीच मारावयास धावणारी आजी पाण्याला भीत असेल. परंतु हात वर करताना तिचा आखडलेला खांदा दुखत असण्याचीही तितकीच शक्यता आहे. दुसरी गोष्ट, सर्वच रुग्ण आरडाओरडा करीत नाहीत. काही जण उलट अगदी गप्प होतात, अंथरुणातून उठावयाचे सोडतात, आवडीचे भजन लागले तरी मान हलवीत नाहीत. असा 'शांत' रुग्ण घरच्यांना त्रास देत नाही आणि म्हणूनच त्याचे दुखणे सर्वांत अधिक काळ दुर्लक्षित राहते. नाडी व रक्तदाब प्राकृत असल्यावरूनही दुखणे नाही असे मानू नये. या आजारात वेदनेला शरीराचा तो प्रतिसाद मंदावलेला असू शकतो.

गुण मोजण्यापेक्षा महत्त्वाचे आहे ते त्याच व्यक्तीचे कालचे व आजचे वागणे ताडून पाहणे. यासाठी साध्या वहीत रोज चार ओळी लिहून ठेवाव्यात : झोप कशी होती, जेवण किती झाले, शौचास झाले काय, कोणत्या वेळी व काय करताना त्रागा झाला. दवाखान्यात दहा मिनिटे पाहणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जे दिसू शकत नाही ते या वहीत दिसते. घरातील हे काम बहुधा सुनेकडे किंवा मुलीकडे असते, आणि तिच्या शब्दाला दवाखान्यात नेहमीच वजन मिळते असे नाही. वही हाती असल्यास ते मिळण्यास मदत होते.

कोठे शोधावे

संशय आल्यावर डोक्यापासून पायांपर्यंत शरीर पाहावे. तोंडात किडलेला दात, सैल कवळीने पडलेला व्रण. अंगावर एका बाजूस पट्ट्याने उठलेली नागीण. माकडहाड, खुबे व टाचा यांवरील शय्याव्रण. बोटात रुतलेले नख, तळव्याचे कुरूप, चपलेतील खडा. सांधेदुखी व ठिसूळ झालेल्या मणक्यांचे दबणे तर या वयात नेहमीचेच. मधुमेही रुग्णाच्या पायांची आग बाहेरून दिसत नाही. सर्वांत अधिक वेळा विसरले जाणारे कारण म्हणजे बद्धकोष्ठ. आठवडाभर शौचास न झालेला वृद्ध अस्वस्थ होऊन रात्रभर फेऱ्या घालतो आणि घर त्याच्या डोक्यात बिघाड शोधीत बसते. पुरुषांत तुंबलेली लघवी व स्त्रियांत मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हीही तशीच कारणे. पडल्यानंतर एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला किंवा चालणारा वृद्ध पाय टेकावयास तयार होईना, तर चोळणे व लेप यांत वेळ न दवडता क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. एकदोन दिवसांत अकस्मात गोंधळ वाढला, ग्लानी आली, ताप चढला, लघवी थांबली, तर तेही तातडीचे प्रकरण समजावे. मूळ स्मृतिभ्रंश असा एका रात्रीत सहसा वाढत नाही.

उपचाराचा क्रम

कारण सापडल्यास त्याचा उपचार हाच पहिला उपाय, हे गुरुजींच्या दाढेने दाखविलेच आहे. कारण सापडत नाही, पण लक्षणे दुखण्याचीच वाटतात, अशा वेळी वैद्यकीय सल्ल्याने साध्या वेदनाशामकाचा प्रयोग करून पाहणे शास्त्राला मान्य आहे. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांतील ३५२ वृद्धांवर झालेला या संबंधातील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. या सर्वांना मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश होता व त्यांच्या वागण्यात प्रक्षोभ दिसत होता. त्यांपैकी एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामके देण्यात आली. बहुसंख्यांना दिले गेले ते साधे पॅरासिटामॉल. या गटातील प्रक्षोभ सरासरीने १७ टक्क्यांनी उतरला, आणि उपचार थांबविल्यावर तो पुन्हा वाढू लागला. आक्रमक म्हणून गणल्या गेलेल्या त्या वृद्धांपैकी काही जण केवळ दुखत असल्यामुळे आक्रमक झाले होते, हे मान्य करावे लागते.

याच्या उलट, गुंगीच्या व मनोविकारावरील गोळ्यांचा मार्ग धोक्याचा आहे. अशा वृद्धांत या वर्गातील औषधांमुळे मृत्यूची जोखीम वाढते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ साली दिला. काही रुग्णांना ती द्यावीच लागतात, पण दुखण्याचा शोध घेतल्यावाचून नव्हे.

पॅरासिटामॉल दुकानात सहज मिळत असले तरी त्याची मात्रा वजन, यकृताची स्थिती व इतर औषधे पाहून वैद्यकीय अधिकाऱ्यानेच ठरवावी. सर्दी-तापाच्या कित्येक गोळ्यांतही ते असतेच, हे विसरू नये. 'दुखेल तेव्हा द्या' ही नेहमीची सूचना येथे निरुपयोगी ठरते, कारण दुखते हे रुग्ण सांगणार नाही. म्हणून ठरलेल्या वेळी, नियमाने देणे इष्ट. सांधेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या इतर गोळ्यांनी या वयात पोटातून रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडे बिघडण्याचा धोका असतो. कर्करोगासारख्या तीव्र दुखण्यात मॉर्फिन लागू शकते. अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळण्यातील अडचणी कमी करण्यात आल्या. ते सुरू असताना बद्धकोष्ठावरील औषध बरोबरीने द्यावेच लागते.

औषधाखेरीज करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. अंथरुणास खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. आंघोळ किंवा जखमेची सफाई यांपूर्वी अर्धा-पाऊण तास औषध द्यावे. जे करणार ते आधी सांगून, सावकाश करावे. मागून येऊन एकदम दंड धरू नये. हलके तेल लावणे, कोमट शेक यांनी आराम पडतो, परंतु शेकाची पिशवी प्रथम आपल्या हाताला लावून पाहावी. "भाजते आहे" हेही त्याला सांगता येणार नसते.

गावपातळीवर

पंचायत सदस्यांपुढे हा विषय आजार म्हणून क्वचितच येतो; तो तंटा म्हणून येतो. म्हातारी रात्री ओरडते, झोप होत नाही, अशी शेजाऱ्यांची तक्रार असते, किंवा सासऱ्याच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले म्हणून सून छळते अशी कुजबुज असते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्यान्वये उपविभागीय पातळीवर न्यायाधिकरणे आहेत आणि छळ खराच असेल तर त्याकडे काणाडोळा होता कामा नये. परंतु दुखणाऱ्या सांध्याला हात लागला म्हणून झटापट करणारा वृद्ध आणि त्याला सावरताना जोराने धरणारी, स्वतःच्या हातांवर ओरखडे असलेली सून, असाही प्रकार असू शकतो. चौकशीस जाणाऱ्याने म्हणूनच सोबत आशा कार्यकर्ती किंवा समुदाय आरोग्य अधिकारी यांना न्यावे आणि जबाब घेण्यापूर्वी त्या वृद्धाची तपासणी करवून घ्यावी.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून सुरू असून त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रावर वृद्धांसाठी साप्ताहिक तपासणी व जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष यांची तरतूद आहे. तरतूद व प्रत्यक्ष सेवा यांत ठिकठिकाणी अंतर असते. आपल्या केंद्रावर तपासणीचा वार कोणता, हे ग्रामसभेत विचारून फलकावर लिहून घेणे सदस्यांना सहज शक्य आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा व मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. दुसऱ्या क्रमांकावर थकलेल्या सुनेनेही स्वतःसाठी बोलण्यास हरकत नाही.

शिक्षकांकडे आणखी एक वाट आहे. शाळेत येणारी कित्येक मुले आजी-आजोबांच्या खोलीतच निजतात, आणि रात्री कोण कण्हत होते, कोणत्या कुशीवर वळताना कण्हत होते, हे घरातील मोठ्यांपेक्षा त्यांना अधिक नेमके ठाऊक असते.